साडेआठची नोंद

मे संपायला पाच दिवस होते आणि गच्चीवर अंथरलेल्या जुन्या साडीवरचे सांडगे अजून ओलेच होते. आठवडाभर पावसानं उसंत दिली नव्हती. त्या सकाळी जरा ऊन पडलं तशी माईंनी घाईघाईनं वाळवण वर नेलं. साडेनऊच्या सुमाराला त्यांनी पश्चिमेकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि साडीची चार टोकं धरून सगळं गाठोडं खाली आणलं. नाना दिवाणखान्यात मोबाइलवर रडारचं चित्र न्याहाळत बसले होते. “अगं, तासभर तरी काही येत नाही,” ते म्हणाले. वीस मिनिटांत गच्ची धुऊन निघाली.

माई काही बोलल्या नाहीत. अडतीस वर्षं वेधशाळेत काढलेल्या माणसाला ते न बोलणं फार लागतं.

तो दिवस २६ मे २०२५. मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात पोचल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पाहुणे सोळा दिवस आधीच दारात. याआधी सगळ्यांत लवकर तो आला होता २९ मेला. नाना दिवसभर हे आकडे भेटेल त्याला ऐकवत होते. वॉचमनलाही त्यांनी सोडलं नाही. माईंनी संध्याकाळी सांडगे पंख्याखाली पसरले आणि कालनिर्णयाच्या चौकोनात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते नानांनी विचारलं नाही. त्या चौकोनांची गंमत त्यांना फार उशिरा कळली आहे, पण ते पुढे येईल.

नानांच्या नोकरीबद्दलचा एक गैरसमज आधी दूर केलेला बरा, कारण तो दूर करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. ते अंदाज वर्तवत नसत. ते निरीक्षक, नोंदी घेणारे. लग्नकार्यात कोणीही भेटलं की, “काय नाना, वेधशाळा ऊन म्हणतेय, छत्री आणू ना?” असं विचारायचं आणि आपणच हसायचं, हा नातेवाइकांचा रिवाज. नाना शांतपणे सांगत, “पडलं किती ते मला विचारा. पडणार किती ते सांगणारी माणसं वेगळी.” फरक कोणालाच पटत नसे.

पुण्यात शिवाजीनगरला ती दगडी इमारत आहे. रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ म्हटलं तर तो घोटाळतो, ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की मीटर पाडतो. १८७५ साली सुरू झालेल्या या खात्याचं मुख्यालय कोलकात्याहून सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये तिथून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला हललं. सिमल्याचं नाव मात्र पुण्याच्या चौकाला चिकटून राहिलं. १९७५ मध्ये नाना नोकरीला लागले तेव्हा तिथले जुने लोक अण्णा मणी यांच्या गोष्टी सांगत. १९४८ साली त्या या खात्यात आल्या आणि बाहेरून मागवावी लागणारी उपकरणं इथंच बनवण्याच्या कामाला त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं. पट्टी एक रेघ जरी चुकली तरी त्यांना चालत नसे, असं म्हणत. नानांच्या हातातला चोखपणा त्या गोष्टींमधून आलेला असावा.

काम ऐकायला साधं. अंगणात पांढरी, झडपांची लाकडी पेटी. आत कोरडा आणि ओला तापमापक. बाजूला पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि आकडा लिहायचा. पाऊस मोजण्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा चालतो. मध्यरात्रीशी त्याचं देणंघेणं नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी पडला तर ‘ट्रेस’ लिहायचं. आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणायचं. ही शेवटची व्याख्या माईंनी कधीच मान्य केली नाही. दोरीवरचे कपडे काढावे लागले की तो पावसाचा दिवस, हे त्यांचं मोजमाप.

२०१३ मध्ये नाना निवृत्त झाले. सत्काराचा नारळ घरी आला आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला ते चपला घालून दारात उभे होते. महिन्याभरात त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर स्वतःचा पर्जन्यमापक बसवला. आकडा कोणाला कळवायचा नव्हता, कोणी मागणारही नव्हतं. तरी तो लिहिला जातो. आता निवृत्तीनंतरची चौथी वही चालू आहे.

घरात आणखी एक वेधशाळा होऊन गेली, ती नानांच्या आईची. तिला मिलिमीटर माहीत नव्हते, नक्षत्रं पाठ होती. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. तरणा धसमुसळा, म्हातारा चिवट. बसला की उठत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नाना आठ वर्षांचे होते. नारायण पेठेतल्या खोलीतून आईनं मुलांना ओढत पर्वतीवर नेलं. पाणी ओसरल्यावर नानांच्या पाटीच्या चौकटीत गाळ बसलेला होता आणि तो वास कितीतरी महिने गेला नाही. “तरण्या पावसाच्या अंगात आलं,” हे आईचं स्पष्टीकरण. पुढे नाना तिला सांगायचे, अगं, पावसाचा दोष नाही, धरणाचं काम अपुरं होतं. ती म्हणायची, “असेल. पण नक्षत्र कुठलं होतं?”

नक्षत्र पुनर्वसूच होतं. नानांनी पंचांगात तपासून पाहिलं आहे.

पुढे नोकरीत नानांचं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं. बदली झाली तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती आणि १९८१ चा पावसाळा लागत होता. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या सात-आठ पट. तेव्हा लोक भिंतींना गवताच्या झडपा बांधत, घरं बाहेरून गवताच्या गंजीसारखी दिसू लागत आणि बाजार महिनोन्महिने मिटून जाई. नानांच्या दृष्टीनं ते सोन्याचे दिवस. एकट्या जुलैत दोन हजार मिलिमीटर मोजायला मिळणं म्हणजे काय! माईंच्या आठवणीत त्या जुलैतले लंगोट आहेत. शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर एकेक लंगोट पसरायचा, दिवसाला बावीस. त्यांचा आकडाही ठरलेला असतो, फक्त वस्तू वेगळी.

तीच मुलगी २००५ च्या जुलैत चोवीस वर्षांची होती. अंधेरीत पहिली नोकरी, वसतिगृहात खोली. २६ जुलैच्या संध्याकाळपासून तिचा फोन लागेना. माई रात्रभर फोनशेजारी बसून होत्या. नाना सकाळी ड्यूटीवर गेले, कारण पावसाळ्यात त्यांनी आयुष्यात कधी रजा मागितली नव्हती आणि त्या दिवशीही त्यांना ते सुचलं नाही. मुंबईचे आकडे आले. कुलाबा ७३ मिलिमीटर. सांताक्रूझ ९४४.

नानांनी तो आकडा बघितला आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला, दशांशचिन्ह चुकलं. ९४.४ असणार. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक कसा पडेल? त्यांनी खातरजमा करून घेतली. आकडा बरोबर होता. चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या वर्षाच्या पावसाहून जास्त. ते क्षणभर थक्क होऊन बसले, आणि हे सांगताना आजही त्यांचा आवाज खाली येतो, तेव्हा त्या आकड्याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. मुलगी अंधेरीत आहे आणि सांताक्रूझ तिथून हाकेच्या अंतरावर आहे, हे त्यानंतर डोक्यात आलं. किती वेळानं? एक मिनिट असेल. नानांचं ते मिनिट अजून सरलेलं नाही.

मुलगी सुखरूप होती. बसमध्ये अडकली, छातीभर पाण्यातून बाहेर पडली, कलिन्यातल्या एका अनोळखी घरात अकरा माणसांबरोबर रात्र काढली, त्या घरातल्या आजीनं सगळ्यांना पिठलं-भात वाढला. हा भाग ती आता हसत सांगते. नानांची आई असती तर म्हणाली असती की तो पुष्याचा म्हातारा पाऊस होता, बसला तो उठलाच नाही. पंचांगात हेही बरोबर निघतं.

पाऊस सरला की नाना-माईंचे प्रवासाचे दिवस सुरू होतात. एसटीत पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं, त्यामुळे दोघं मिळून एका तिकिटात महाराष्ट्र फिरतात. पंच्याहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे. नाना २०२८ ची वाट बघत आहेत. पंच्याहत्तरी शांत करायची की नाही यावर घरात मतभेद आहेत, एसटीवर नाहीत. रेल्वेनं मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती थांबवलीच. डेक्कन क्वीनचा विषय निघाला की नाना हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

सप्टेंबरात ते साताऱ्याहून कासला जातात. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, तिच्यात तेरडा, सोनकी, गेंद, आणि पाण्याच्या कडेला सीतेची आसवं. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आलं, आणि गर्दी वाढली. माई फुलं बघतात, नाना ढगांची उंची सांगतात. त्यांचं खरं प्रेम कारवीवर आहे. डोंगरातली माणसं जिच्या काठ्यांचे कूड घालून शेणानं लिंपतात ती ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढची २०३२. नाना तेव्हा एकोणऐंशीचे असतील. “तिकीट नसेल,” ते म्हणतात. माई म्हणतात, “चढ असेल.”

मग दिवाळी, आणि दिवाळीच्या आधी माळा. गेल्या वर्षी माळा काढताना एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात कालनिर्णयाची भेंडोळी होती, सुतळीनं बांधलेली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ही दिनदर्शिका सुरू केली आणि मराठी घरात तिच्या चौकोनांना दुधाच्या हिशेबाची वही करून टाकलं. माईंनी एकही वर्ष टाकलेलं नव्हतं. नाना स्टुलावर बसून ती चाळू लागले. ‘दूध खाडा.’ ‘गॅस लावला.’ ‘कैरी २० किलो, भाव चढा.’ ‘गोधड्या धुतल्या, वाळल्या नाहीत.’ ‘पहिला पाऊस, मातीचा वास, हे ड्यूटीवर.’ हा शेवटचा मजकूर बहुतेक प्रत्येक जूनमध्ये होता, शब्दही तेच.

मग त्यांनी २००५ चा जुलै काढला. २६ तारखेचा चौकोन कोरा. २७ च्या चौकोनात बारीक अक्षरात, ‘फोन आला. ४.१०.’

नानांनी आपली त्या वर्षीची वही शोधून काढली. त्यात २७ जुलैला पुण्याचा पाऊस होता, आणि समासात लाल शाईनं, अधोरेखित, सांताक्रूझ ९४४. बाकी काही नाही. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. माई खालून ओरडल्या, “अहो, झाडू द्या इकडे!” त्या दिवसापासून कालनिर्णयाची भेंडोळी माळ्यावर गेलेली नाहीत. ती नानांच्या कपाटात आहेत, वह्यांच्या वरच्या कप्प्यात.

थंडीचा प्रवास अलिबागचा, आणि तो दोन वेगवेगळ्या कारणांसाठी. माईंना पोपटी खायची असते. वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात गच्च भरायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. शेत, अंधार आणि तो वास. माई यासाठी सहा तास एसटीत बसायला तयार असतात. नानांना भूचुंबकीय वेधशाळेच्या फाटकापर्यंत जायचं असतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेनं सुया थरथरणार हे उघड झालं, म्हणून नानाभाई मूस यांनी ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या, इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही, आणि जुन्या-नव्या जागांचे आकडे जुळावेत म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे मोजत राहिले. ट्राम १९०७ मध्ये आली. एका सुईच्या स्वस्थतेसाठी एवढी यातायात! नाना फाटकाशी उभे राहून हे सांगत असतात तेव्हा माई पांढऱ्या कांद्याच्या माळांचा भाव करत असतात.

आणि एका वर्षीचा जानेवारी मेलबर्नचा. मुलगी तिथं स्थायिक झाली, नात तिथलीच. विमानातून उतरल्यापासून नानांचं दिशांचं गणित बिघडलं. सूर्य दुपारी उत्तरेला. सावल्या भलतीकडे. संक्रांतीला तिळगूळ वळायला घ्यावा तर पारा चाळिशीकडे, गूळ हाताला चिकटून बसला आणि लाडवांच्या चपट्या वड्या झाल्या. उत्तरेकडून वाळवंटाचा भाजणारा वारा येतो, मग दक्षिणेकडून गार वारा घुसतो आणि अर्ध्या तासात पंधरा अंश उतरतात. ७ फेब्रुवारी २००९ ला त्या शहरात ४६.४ अंश झालं होतं, हे त्यांना जावयानं सांगितलं; नानांना तो आकडा आधीच माहीत होता. वर्षाचा पाऊस पुण्याहून थोडा कमी, पण बारा महिन्यांत वाटून दिलेला. “इथं पाऊस येतो आणि कोणी खिडकीशीसुद्धा जात नाही,” माई म्हणाल्या. त्यांच्या मते हे बरं लक्षण नव्हतं.

जावयानं त्यांना ग्रेट ओशन रोडला नेलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी खोदलेला तो समुद्रकाठचा रस्ता, पाण्यात उभे असलेले चुनखडीचे सुळके, वळणावळणाला गाड्या थांबवून फोटो काढणारी माणसं. परतताना एका लहानशा विमानतळाच्या कुंपणाआड नानांना पांढरी पेटी दिसली. “थांबव, थांबव,” म्हणून त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तीच पेटी, त्याच झडपा, फक्त दार दक्षिणेला. आपल्याकडे ते उत्तरेला असतं, आत ऊन पडू नये म्हणून. अडतीस वर्षं हे दार त्यांनी उत्तरेकडून उघडलं होतं. त्या सहलीचा नानांचा एकच फोटो आहे. मागे सुळके नाहीत, पेटी आहे.

रात्री त्यांनी नातीला अंगणात नेलं. मृग नक्षत्र आकाशात उलटं टांगलेलं होतं, पाय वर आणि डोकं खाली, व्याध त्याच्याही वर. चंद्रातला ससाही पालथा. सूर्य या मृगात आला की भारतात पाऊस लागतो, असं त्यांनी सांगितलं. नात म्हणाली, “मग इथं उलटा केला म्हणून पाऊस सांडून गेला का?” नानांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे. निघताना त्यांनी तिला प्लास्टिकचा एक साधा पर्जन्यमापक घेऊन दिला आणि कुंपणाला बांधून दिला. तिकडे सकाळी नऊला मोजतात. तिनं ते पाळायचं ठरलं.

तेव्हापासून शाळेतून आली की ती फोन करते. तिथल्या उन्हाळ्यात इथं दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात अकरा, कारण ते लोक घड्याळ तासभर मागेपुढे करतात. आधी ती आपला आकडा सांगते, मग नाना आपला. मुंग्या पडल्या होत्या, कुत्र्यानं नळी पाडली, असे शेरेही येतात. नाना तेही लिहितात.

या जुलैत, पुष्य लागल्यावर, पाऊस दोन दिवस एका लयीत पडत राहिला. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली, भिडे पूल पाण्याखाली गेला, आणि निम्मं पुणं तो गेलेला पूल बघायला नदीवर लोटलं. नाना छत्री न घेता गेले. लाकडी पुलाच्या कठड्याशी तासभर उभे राहिले. घरी आले ते डोक्यापासून चपलांपर्यंत निथळत, आणि माईंनी टॉवेल फेकत विचारलं, “छत्री काय पूजेला ठेवलीय?”

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला.

“आजोबा, आज ट्रेस,” नात म्हणाली. नानांनी आपला आकडा सांगितला. मग ती म्हणाली, “आजीला दे. आजी, तू काय लिहिलंस?” हल्ली ती दोन्हीकडच्या नोंदी मागते.

माईंनी चष्मा शोधला, भिंतीपाशी गेल्या आणि वाचून दाखवलं, “दूध खाडा. हे भिजून आले. आल्याचा चहा.”

“किती भिजले?”

माईंनी नानांकडे एकदा बघितलं. “अडीच मिलिमीटरच्या वर,” त्या म्हणाल्या.